कोंबडीचे सुख कोणी सांगावे? : कुक्कुटकल्याणाच्या मापनाचा इतिहास

व्यवसायासाठी पाळलेल्या कोंबडीचे हित कशात आहे व ते ओळखावे कसे, हा प्रश्न प्रथमदर्शनी पशुवैद्यकाचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, या प्रश्नाच्या उत्तरात १९६४ पासून जे बदल होत आले, ते मुख्यतः पुराव्याच्या कल्पनेतील बदल आहेत. मुक्या प्राण्याच्या बाबतीत साक्ष कोणाची ग्राह्य धरावयाची? पाहणाऱ्या माणसाची, मालकाच्या जमाखर्चाची, शरीर तपासणाऱ्या शास्त्रज्ञाची, की खुद्द त्या प्राण्याची? प्रस्तुत लेखात या साक्षींचा क्रम ब्रिटन व पश्चिम युरोप येथील घटनांच्या आधारे मांडण्याचे योजिले आहे. कारण हा वाद तेथे जितका उघडपणे झाला व जितका कागदावर उतरला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. आपल्याकडील कायद्याशी त्याचा संबंध कोठे येतो, हे शेवटी पाहू.

कोंबडी घरात कोंडून वर्षभर ठेवता येते, हे विसाव्या शतकापूर्वी कोणासही शक्य वाटले नसते. उन्हावाचून वाढणाऱ्या पिलांना मुडदूस होत असे. ड जीवनसत्त्वाचा शोध १९२० नंतरच्या दशकात लागला, ते खाद्यात मिसळता येऊ लागले, आणि उन्हाची गरज उरली नाही. त्यानंतर तारेचे पिंजरे आले. त्यांचा मूळ उद्देश आज विसरला गेला आहे. आरंभीच्या पिंजऱ्यांत एकेकच कोंबडी ठेवीत, पिंजऱ्यावर तिची नोंदपत्रिका टांगीत, आणि तिने कितव्या दिवशी अंडे घातले हे टिपून आळशी कोंबडी वेगळी काढीत. शिवाय विष्ठा जाळीतून खाली पडत असल्यामुळे जंत व रक्ती हगवण यांसारखे रोग एकदम कमी झाले. हा लाभ खरा होता, व पिंजऱ्याच्या टीकाकारांनी तो पुष्कळदा झाकून ठेवला आहे. पुढे एका पिंजऱ्यात दोन, तीन, चार अशा कोंबड्या भरण्यात येऊ लागल्या. कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे हे आता कळेनासे झाले. म्हणजे ज्या कामासाठी पिंजरा निघाला ते काम संपले, पिंजरा मात्र राहिला. ब्रिटनमध्ये युद्धकालीन शिधावाटप संपून पशुखाद्य मोकळेपणाने मिळू लागल्यावर १९५३ नंतर ही पद्धत झपाट्याने पसरली.

रूथ हॅरिसन यांचे ‘ॲनिमल मशिन्स’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास रेचल कार्सन यांची प्रस्तावना होती, व त्यातील भाग लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात आधीच छापून आले होते. श्रीमती हॅरिसन शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांनी पिंजऱ्यांच्या रांगा, अंधाऱ्या कोठड्यांतील वासरे व मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांची शेडे स्वतः पाहिली आणि जे पाहिले ते लिहिले. लोकक्षोभ एवढा झाला की, त्याच वर्षी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वेल्समधील बँगर येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एफ. डब्ल्यू. रॉजर्स ब्रॅम्बेल हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल डिसेंबर १९६५ मध्ये पार्लमेंटपुढे आला.

या अहवालाचे महत्त्व सामान्यतः त्यातील एका वाक्यावरून सांगितले जाते. प्राण्याला विनासायास वळता यावे, अंग साफ करता यावे, उठता यावे, बसता यावे आणि अवयव ताणता यावेत, एवढे तरी स्वातंत्र्य असलेच पाहिजे, असा त्या वाक्याचा आशय आहे. पुढे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने ‘पाच स्वातंत्र्ये’ म्हणून जी यादी प्रसृत केली तिचे मूळ येथे आहे. मात्र ही दुसरी यादी बरीच व्यापक असून तीत भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भय, आणि स्वाभाविक वर्तनास होणारा अडथळा यांचा विचार आहे. दोन्ही याद्या एकच समजण्याची चूक पाठ्यपुस्तकांतूनही आढळते.

माझ्या मते अहवालाचा खरा गाभा निराळा आहे. समितीपुढे उत्पादकांच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार येत होता : कोंबडी दुःखी असती तर तिने अंडी दिली असती काय? हा युक्तिवाद दिसतो तितका पोरकट नाही. आजारी जनावर दूध कमी देते, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु समितीने उत्पादन हा सुखाचा पुरेसा पुरावा मानण्यास नकार दिला, आणि त्याची कारणे सबळ होती. अंड्यांचा हिशेब कोंबडीगणिक न होता शेडगणिक होतो. एका पिंजऱ्यात आणखी एक कोंबडी कोंबली तर प्रत्येकीची अंडी थोडी घटतील, दोनचार मरतीलही, तरी शेडचा एकूण नफा वाढू शकतो. शिवाय पिढ्यान् पिढ्या निवड करून ज्या जातीत अंडी घालण्याची प्रवृत्ती बाणविली आहे, ती जात त्रासातही अंडी देत राहते. आपल्याकडील कोणतीही गृहिणी याची उलट बाजू सांगेल. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणे बंद करते. म्हणून ती दुःखी आहे असे कोणी म्हणत नाही. अंडे व सुख यांची सांगड इतकी सोपी नाही.

उत्पादन बाजूला ठेवल्यावर काय उरते? समितीने कल्याण या शब्दात शारीरिक व मानसिक अशा दोन्ही स्वास्थ्यांचा समावेश केला, आणि प्राण्याच्या भावनांविषयी त्याच्या शरीररचनेवरून व वर्तनावरून जो शास्त्रीय पुरावा मिळेल तो विचारात घेतलाच पाहिजे, असे म्हटले. या भूमिकेमागे समितीचे एक सदस्य, केंब्रिजचे वर्तनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. थॉर्प यांचा हात होता. वेदना व क्लेश यांच्या मापनासंबंधीचे परिशिष्ट त्यांचेच आहे. प्राण्यांच्या ‘भावना’ हा शब्द उच्चारणे ज्या काळात प्रयोगशाळेत अशिष्ट समजले जाई, त्या काळात तो सरकारी अहवालात आला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु पुरावा हवा असे म्हणणे निराळे आणि तो हाताशी असणे निराळे. १९६५ मध्ये तो फारसा नव्हता. त्यामुळे समितीला अनेक ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांवर व सद्बुद्धीवर विसंबावे लागले. याची दोन उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले पिंजऱ्याच्या तळाचे. कुंपणास वापरतात तसली बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडीच्या पायास त्रासदायक होत असावी, असे समितीस वाटले. म्हणून ती वापरू नये, जाड तारेची आयताकृती जाळी वापरावी, अशी शिफारस झाली. कोणाही समंजस माणसास हे पटण्यासारखे होते. १९७३ मध्ये ह्यूज व ब्लॅक यांनी हाच प्रश्न कोंबड्यांपुढे ठेवला. निरनिराळ्या जाळ्यांचे तळ शेजारी शेजारी ठेवून कोंबडी कोठे अधिक वेळ उभी राहते हे त्यांनी मोजले. जी जाळी समितीने त्याज्य ठरविली होती, तिच्याकडेच कोंबड्यांचा कल दिसला. बारीक जाळीत पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो, हे त्याचे कारण असावे. माणसाला जे बोचेल असे वाटले ते कोंबडीला बोचत नव्हते.

दुसरे उदाहरण चोचीचे. कोंबड्यांनी एकमेकींची पिसे उपटू नयेत म्हणून तापलेल्या पात्याने चोचीचे टोक कापण्याची रीत होती. नख कापावे तसेच हे आहे, असे उत्पादकांचे म्हणणे. समितीने ते मानले नाही. चोचीचे शिंगासारखे कवच व आतील हाड यांच्यामध्ये अतिशय संवेदनशील असा मऊ थर असतो, तेव्हा ही क्रिया वेदनादायक आहे, व ती थांबविली पाहिजे, असे तिने लिहिले. येथेही प्रत्यक्ष प्रयोग हाती नव्हता. तो वीस वर्षांनी झाला. १९८५ मध्ये एडिंबरो येथील कुक्कुट संशोधन केंद्रातील ब्रीवर्ड व जेंटल यांनी दाखविले की, कापलेल्या चोचीच्या खुंटात मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात, आणि त्यांतून अस्वाभाविक संदेश निघत राहतात. पाय तोडलेल्या माणसाला नसलेला पाय दुखतो, त्या प्रकाराशी याचे साम्य आहे. म्हणजे जाळीच्या बाबतीत समितीचा तर्क चुकला, चोचीच्या बाबतीत तो बरोबर ठरला. यातील विपरीत भाग असा की, चोचीविषयीची बरोबर शिफारसच अंमलात आली नाही. इंग्लंडमध्ये चोच कापण्यावर १ जानेवारी २०११ पासून बंदी यावयाची होती; ती ऐन वेळी मागे घेऊन अवरक्त किरणांनी चोच छाटण्याची परवानगी ठेवण्यात आली, कारण चोच शाबूत ठेवली तर मोकळ्या शेडांतील कोंबड्या एकमेकींना जखमी करतील ही भीती खोटी नव्हती.

ब्रॅम्बेल अहवालानंतर ब्रिटनमध्ये १९६८ चा कायदा झाला. त्याने शेतावरील जनावरास अनावश्यक वेदना वा अनावश्यक क्लेश देणे हा गुन्हा ठरविला. परंतु पिंजऱ्याची मापे बंधनकारक न करता ती शिफारसवजा संहितांवर सोडण्यात आली. ‘अनावश्यक’ या विशेषणाने किती काम केले हे सांगावयास नको. जी गोष्ट साऱ्या धंद्याची रूढी आहे, ती अनावश्यक आहे असे न्यायालयापुढे सिद्ध कसे करावयाचे?

जाळीच्या प्रयोगाने मात्र एक नवी वाट मोकळी झाली होती. प्राण्यालाच विचारावे, ही कल्पना ऑक्सफर्ड येथे टिनबर्गेन यांच्या विद्यार्थिनी मेरियन डॉकिन्स यांनी पद्धतशीरपणे पुढे नेली. १९७७ मध्ये त्यांनी कोंबड्यांना पिंजरा व बाहेरचे मोकळे आवार यांत निवड करावयास दिली. आवारात वाढलेल्या कोंबड्यांनी आवार निवडले. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांनी आरंभी पिंजरा निवडला, आणि आवाराचा थोडा अनुभव आल्यावर त्याही आवाराकडे वळल्या. या निष्कर्षाचा दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने उपयोग केला. परंतु डॉकिन्स यांची सावधगिरी त्या दोघांपेक्षा अधिक मोलाची आहे. एखादी वस्तू आवडणे म्हणजे ती नसताना दुःख होणे नव्हे. मनुष्य आंबा व केळे यांत आंबा घेईल, म्हणून केळे खाणारा पीडित ठरत नाही. आवडीची तीव्रता मोजली पाहिजे. म्हणजेच त्या वस्तूसाठी प्राणी किती किंमत मोजावयास तयार आहे, हे पाहिले पाहिजे.

ही किंमत मोजण्यासाठी पुढील काळात जड दारे, अरुंद फटी व वजने यांचा उपयोग झाला. त्यांतून जे सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झाले ते घरट्याचे महत्त्व होय. वुड-गश यांनी पूर्वीच नोंदविले होते की, पिंजऱ्यातील कोंबडी अंडे घालण्यापूर्वी अस्वस्थपणे येरझारा घालते. प्रयोगात दिसले की, एरवी घरट्याकडे ढुंकूनही न पाहणारी कोंबडी अंडे घालण्याची वेळ जवळ आली म्हणजे तेथे पोहोचण्यासाठी जड दार ढकलते, आणि त्या वेळी तिचा हा प्रयत्न भुकेल्या कोंबडीच्या अन्नासाठीच्या प्रयत्नाच्या तोडीचा असतो. आपल्या खेड्यांतून टोपलीत भुसा घालून कोपऱ्यात ठेवण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यामागील जाण प्रयोगशाळेने अशा रीतीने वजनात मोजून दाखविली.

कायद्याला मात्र मोजपट्टी हवी असते. युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये प्रत्येक कोंबडीस किमान ४५० चौरस सेंटिमीटर जागा ठरविली. (हा आदेश कार्यपद्धतीच्या दोषामुळे १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने रद्द केला, आणि लगेच पुन्हा काढण्यात आला.) नेहमीच्या टंकलेखनाच्या ए-४ कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरते, यावरून वाचकास कल्पना येईल. हा आकडा आला कोठून? तो कोंबडीच्या शरीरावरून आलेला नव्हता. चालू धंद्याला फार धक्का न लावता जे मान्य होण्यासारखे होते, त्यावरून आला होता. डॉकिन्स व हार्डी यांनी १९८९ मध्ये कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन प्रत्येक हालचालीस लागणारी जागा मोजली. नुसते उभे राहण्यास ४२८ ते ५९२ चौरस सेंटिमीटर, जमीन उकरण्यास ५४० ते १००५, पंख ताणण्यास ६५३ ते १११८, वळण्यास ७७१ ते १३७७, आणि पंख फडफडविण्यास ८६० ते १९८० चौरस सेंटिमीटर जागा लागते, असे त्यांना आढळले. ब्रॅम्बेल समितीच्या पाच क्रियांपैकी वळणे व अवयव ताणणे या दोन कायदेशीर जागेत मावतच नव्हत्या. समितीच्या शब्दांना आकड्यांत उतरवावयास चोवीस वर्षे लागली, आणि दरम्यान कायद्याने निराळाच आकडा स्वीकारला होता.

दहा वर्षांनी, १९९९ च्या आदेशाने, चित्र पालटले. रिकाम्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी आली. त्याऐवजी घरटे, बसण्याचा दांडा व उकरण्याची सोय असलेले, दर कोंबडीस ७५० चौरस सेंटिमीटर जागेचे पिंजरे, अथवा पिंजऱ्याविना पद्धती यांस मान्यता मिळाली. घरट्याचा उल्लेख कायद्यात आला तो प्रयोगांमुळेच, असे म्हणावयास हरकत नाही. पण विजयाची गोष्ट येथे संपत नाही. ग्रेगरी व विल्किन्स यांनी १९८९ मध्ये दाखविले होते की, पिंजऱ्यातील म्हाताऱ्या कोंबड्या कत्तलखान्यात पोहोचेपर्यंत त्यांतील २९ टक्के कोंबड्यांचे एक ना एक हाड मोडलेले असते; हालचालीअभावी ठिसूळ झालेली हाडे पकडताना मोडत. २०११ मध्ये विल्किन्स व सहकाऱ्यांनी छातीच्या हाडाची तपासणी केली तेव्हा उलट प्रकार दिसला. सोयीयुक्त पिंजऱ्यांत अस्थिभंगाचे प्रमाण ३६ टक्के, तर उंच दांडे असलेल्या मोकळ्या पद्धतीत ते ८६ टक्क्यांपर्यंत गेले. बळकट पंखांची कोंबडी उंच दांड्यावरून उडते, आणि आदळते. मोकळीक व सुरक्षितता यांचे एकाच मापाने वजन करता येत नाही, आणि ज्या लेखकांनी पिंजरा गेला म्हणजे प्रश्न मिटला असे गृहीत धरले त्यांच्यापाशी या आकड्यांचे उत्तर नाही.

मांसल कोंबड्यांच्या बाबतीत पिंजऱ्याचा प्रश्न मुळात नव्हता. त्या गादी पद्धतीत, भुशावर वाढतात. त्यांचे दुःख त्यांच्या वाढीत आहे. केस्टिन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये शून्य ते पाच अशा श्रेणींत कोंबडीची चाल मोजण्याची पद्धत दिली, आणि तपासलेल्या कोंबड्यांपैकी ९० टक्क्यांच्या चालीत काही ना काही दोष, तर २६ टक्क्यांत गंभीर दोष आढळले. तरीही शंका उरली : लंगडणे म्हणजे दुखणेच काय, की केवळ बेढबपणा? या शंकेचे उत्तर २००० मध्ये डॅनबरी व सहकाऱ्यांनी ज्या रीतीने दिले ती या साऱ्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते. दोन निराळ्या रंगांचे खाद्य ठेवले, एकात वेदनाशामक औषध मिसळले. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा अधिक खाल्ले, आणि लंगडेपणा जितका अधिक तितके ते अधिक खाल्ले. येथे कोंबडी साक्षीदार तर होतीच, पण आपल्या दुखण्याचा उपचारही तीच निवडीत होती.

जागेच्या मोजपट्टीवरील श्रद्धा येथेही ढळली. २००४ मध्ये डॉकिन्स यांच्या गटाने दहा मोठ्या उत्पादकांच्या सहकार्याने सुमारे २७ लक्ष कोंबड्यांवर प्रयोग केला. गर्दी फार झाली तर चाल बिघडते हे खरे. परंतु हवेतील ओलावा, तपमान व भुशाची स्थिती यांचा परिणाम नुसत्या गर्दीपेक्षा अधिक आढळला. युरोपीय संघाच्या २००७ च्या आदेशात याचे प्रतिबिंब दिसते. चौरस मीटरला ३३ किलो वजनाची मर्यादा घालून तीत ३९ व अखेर ४२ किलोंपर्यंत सवलत ठेवली आहे. पण शेवटची सवलत हवी असेल तर सलग ७ खेपांत मृत्यूचे प्रमाण १ टक्का अधिक वयाच्या दर दिवसास ०.०६ टक्का यापेक्षा कमी असले पाहिजे. चाळीस दिवसांच्या कोंबडीस हे ३.४ टक्के होते. कायदा प्रथमच घराकडून घरात राहणाऱ्याकडे वळला, असे म्हणता येईल. तथापि मेलेली कोंबडी मोजणे व जिवंत कोंबडीचे हाल मोजणे यांत अंतर आहे, आणि लंगडी कोंबडी चाळिसाव्या दिवसापर्यंत जगली तर या हिशेबात ती निरोगीच ठरते.

आता आपल्या देशाकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा भारतीय कायदा १९६० चा, म्हणजे ब्रॅम्बेल अहवालाच्या पाच वर्षे आधीचा आहे. त्याचा उगम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकात आहे. त्याच्या ११ व्या कलमात, प्राण्यास हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या उंचीच्या, लांबीच्या व रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यापेक्षा हे शब्द अधिक नेमके आहेत, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली गेली. मात्र ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कोंबडीच्या बाबतीत दीर्घकाळ कोणी विचारले नाही. विधि आयोगाने जुलै २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात हा प्रश्न हाती घेतला, आणि अंड्यावरील व मांसल अशा दोन्ही कोंबड्यांसाठी नियमांचे मसुदे सुचविले. युरोपात जमलेला पुरावा त्या चर्चेत साहजिकच उपयोगी पडतो.

परंतु तो पुरावा मोठ्या शेडांसाठी जमविलेला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्यादी पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लक्ष भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७१ लक्ष परसातील होत्या. या कोंबडीला उकरावयास उकिरडा आहे, धूळस्नानास माती आहे, अंडे घालावयास टोपली आहे. ब्रॅम्बेल समितीच्या पाचही क्रिया ती दिवसभर करते. पण मुंगूस, रानमांजर व घार यांच्यापासून तिला रात्रीच्या खुराड्यापलीकडे संरक्षण नाही, आणि ज्या मानमोडीस जगभर इंग्लंडमधील न्यूकॅसलचे व भारतात राणीखेत या गावाचे नाव मिळाले तिची साथ आली म्हणजे वस्तीतील कोंबड्या चार दिवसांत संपतात. लसीच्या कुपीत शेकडो मात्रा असतात, आणि घरटी कोंबड्या पाच-दहा. कुपी फोडल्यावर ती थोड्या वेळात वापरावी लागते. एका घरासाठी ती कोणी फोडीत नाही. गावातील सर्व घरांनी एका सकाळी कोंबड्या डालग्याखाली धरून ठेवल्या तरच लस टोचणाऱ्याचा फेरा फुकट जात नाही, आणि युरोपच्या कोणत्याही मापनपत्रकात या सकाळीसाठी रकाना नाही.